हिरव्या शर्टाचा बाप

मालेगावच्या बसस्टँडमागे टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. दुरुस्त झालेला प्रत्येक टीव्ही ते एकच कार्टून लावून तपासतात. हिंदीतलं, वर्षानुवर्षं चाललेलं. आई, बाप आणि कधीच मोठी न होणारी दोन पोरं. बापाच्या शर्टाचा हिरवा रंग काकांना पाठ आहे. तो जुळला, की टीव्ही बरा झाला.

परवा दुपारी आमचा टीव्ही आणायला गेलो. हिरवा जुळला होता, तरी काका पडद्यासमोरून उठेनात.

मी म्हटलं, "काका, याच्यात पहिल्यासारखी मजा नाही राह्यली."

"कशी राहीन?" ते स्क्रू आवळत म्हणाले. "बापाचा आवाज बदलला. त्याच्या तोंडातून दुसराच माणूस बोलून राह्यला. बायको त्याले चहा देते, पोट्टे त्याले बाबा म्हणते. घरात कोणाच्या ध्यानातच नाही आलं."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि बापाचे ओठ हलतील तसे स्वतः बोलू लागले. तोच जुना आवाज, हुबेहूब. डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

"रोज थोडा वेळ देतो त्याले त्याचा आवाज," ते म्हणाले, आणि टीव्ही माझ्या हातात दिला.

घरी आलो. मुलगी पाठमोरी बसून मोबाइल पाहत होती.

"आणला टीव्ही," मी म्हटलं.

"ठेवून द्या ना, बाबा."

मी दारातच उभा राहिलो, ती वळून पाहील म्हणून.