चहावर काढलेले चाळीस दिवस

"पेप्टिक अल्सर," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा पाहून त्यांनी मराठीत सांगितलं, "जठराला आतून जखम झाली आहे. तिच्यातून रक्त जातंय." मग त्यांनी विचारलं, "बाई, दिवसातून किती वेळा जेवता?"

"दोनदा," मी म्हणाले. रक्ताची उलटी होऊन दोन दिवस झाले होते, पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात पडले होते, आणि तरी खोटं बोलले. तुमच्यापैकी कुणी माझ्याइतकीच शहाणी असेल तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. मी मुळशीतल्या रिह्याला लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका होते. गावात ख्रिस्ती अशी मी एकटीच. उपासनेला जायचं तर बैलगाडीनं घोटावडं आणि पुढे एस.टी.नं पुणं, महिन्यातून एकदा जमलं तर जमलं. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर नि द्राक्षारस, एकटीनं घेता येत नाही, बायबलच्या वर्गाला निदान दुसरं माणूस लागतं. उपासाला कुणीच लागत नाही. म्हणून ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, ज्यांना आम्ही लेंट म्हणतो, मी फक्त रात्री जेवत असे. माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. ते लेंटमध्ये फक्त शुक्रवारी उपास करत. ते गेल्यावर मी त्यांच्यावर वरताण केली.

उपास लोकांना दाखवू नये, अशी प्रभूची शिकवण आहे. ती मी जरा जास्तच मनावर घेतली. घरमालकीण सोनामावशी दुपारच्या सुट्टीत आमटीभाताचं ताट घेऊन दाराशी येई. ख्रिस्ती म्हटल्यावर बरीच घरं चार हात लांब राहत, पण ती येई. "जेवले मी," असं मी तिला रोज सांगे. ताट परत जाई आणि मी दार लावून घेई.

गावातल्या बायकांच्या उपासाला वरई चालते, शेंगदाणे चालतात आणि चहा तर कितीही चालतो. वरई-शेंगदाण्यांना मी नाक मुरडलं, हा कसला उपास म्हणून. चहा मात्र उचलला. काळा, कडक, दिवसाला सात-आठ कप, तोही उपाशीपोटी. दोन्ही धर्मांतलं पोटाला जे सगळ्यांत वाईट, तेवढं नेमकं मी निवडून घेतलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात छातीच्या खाली जळजळ सुरू झाली. रात्री चार घास खाल्ले की थांबे, सकाळी पुन्हा सुरू. देह कुरकुर करतोय, त्याला भीक घालायची नाही, असं मी ठरवलं. त्या हट्टाचा मला अभिमानच वाटत होता.

मग शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. याला मेलेना म्हणतात. पोटात वाहिलेलं रक्त काळं पडून खाली येतं. तुम्हाला कधी असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मला हे ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर विचारण्यासारखं कुणी जोडलंच नव्हतं. एके सकाळी फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता उलटी झाली आणि मुलं किंचाळत बाहेर पळाली. सोनामावशीच्या नवऱ्यानं गाडी जुंपली, एस.टी.नं पुण्यापर्यंत आणलं, भरती केलं आणि भाताच्या रोपांच्या जागी पालापाचोळा जाळून राब भाजायचे राहिलेत म्हणून ते परत गेले.

भेटीची वेळ चार ते सहा. प्रत्येक खाटेभोवती माणसं जमत, डबे उघडत. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेई. त्या दोन तासांइतकं लांब मी आयुष्यात काही काढलेलं नाही.

पाचव्या दिवशी बेरियम मील होतं. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजतात आणि एक्स-रेमध्ये जठराचा आकार उमटतो. त्यासाठी आदल्या रात्रीपासून अन्नपाणी बंद. मला हसू आलं, डॉक्टरांनीच उपास सांगितला होता. कशासाठी, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पोट रिकामं नसेल तर आतलं काही दिसत नाही."

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर तीन तास बसले होते, तेवढा वेळ हेच डोक्यात घोळत राहिलं. उपास आतलं दिसावं म्हणून असतो. मी तर नुसते दिवस मोजत होते, आत डोकावलेच नव्हते. त्या दिवशी फोटो पाहताना मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. दर दोन तासांनी दूध, पांढरं पातळ औषध, चहा बंद. "आणि उपास कायमचे बंद. पुन्हा इतकं रक्त गेलं तर वाचवता येईलच असं नाही."

मी चादर तोंडावर घेऊन रडले. मरणाची भीती होतीच, पण रडू त्याचं नव्हतं. उपास गेला तर रिह्यात ख्रिस्ती म्हणून माझ्याजवळ उरतंच काय?

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, हॉस्पिटलातच आला. सकाळपासूनचं दूध मी प्यायले नाही. हा एकच दिवस, मग आयुष्यभर पिईन, असा देवाशी सौदा केला. चार वाजता वॉर्डात सोनामावशी आली. नर्सनं तिला दुधाचे भरलेले पेले दाखवून माझी तक्रार केली. शेवटी मी मावशीला सगळं सांगितलं.

"म्हंजी रोज दारात मला खोटं सांगत व्हता?"

देवासाठी, असं मी पुटपुटले.

"मी ताट घिऊन माघारी जायची. वाटायचं, बाईंना आमच्या हातचं चालत न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई लागायचं जिवाला."

उपास राखण्यासाठी मी रोज खोटं बोलले होते आणि दाराशी आलेलं एकुलतं एक माणूस रोज परत पाठवलं होतं. मी पेला उचलला आणि तिच्यासमोर दूध संपवलं.

तीन आठवड्यांनी मला घरी सोडलं. पुढच्या वर्षी लेंट आला तेव्हा पोट बरं होतं, पण मनाई कायम होती. दर दोन तासांनी खाणं हाच आता नेम, आणि एकटीनं तो पाळणं उपासापेक्षा जड जातं. उत्तम शुक्रवारी शाळा बंद होती. दुपारी बारा वाजता मी बायबलातला येशूच्या वधस्तंभाचा वृत्तांत उघडला, शेजारी दूध ठेवलं. सोनामावशी येऊन उंबऱ्याशी बसली. मी विचारलं, "मावशी, जेवलात का?"

"न्हाई. आज तुमचा उपास हाय न्हवं? तुमाला डाक्टरची मनाई, म्हनून म्या धरलाय. घरात एकीला जमलं न्हाई तर दुसरीनं धरायचा असतो."

दुसऱ्याच्या जागी कुणीतरी सोसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले, रिह्याला येण्याआधी चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलंही होतं. ते कळलं त्या दुपारी. मी दूध प्यायले, आणि रडू आवरलं नाही.

संध्याकाळी मी भात टाकला आणि तिला वाढलं. रिह्याला येऊन मला सहा वर्षं झाली होती. माझ्याकडे जेवायला बसलेलं ते पहिलं माणूस.