वरून कापलेली अळंबी

माझी आई काविळीचं औषध द्यायची. रविवारी आणि बुधवारी सकाळी आमच्या पडवीत चार-पाच माणसं पिवळे डोळे घेऊन बसलेली असत. कधी पाली गावाकडची, कधी थेट रत्नागिरी शहरातून आलेली. अनशेपोटी यायचं, आईने वाटलेला पाल्याचा रस दुधातून प्यायचा, मग पंधरा दिवस मीठ-तेल बंद. ती पैसे घेत नसे आणि पाल्याचं नाव सांगत नसे. नाव सांगितलं की गुण जातो, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं. मी प्राथमिक शाळेत मास्तर, विज्ञान शिकवणारा. या नाव न सांगण्याचा मला भयंकर राग यायचा. "गुण जायला तो काय पाव्हणा आहे?" म्हणून मी तिला डिवचायचो. "तू तुजी शाळा बघ," एवढंच ती म्हणायची.

रानातलं तिला खरोखर कळायचं, हे मात्र मी मनातल्या मनात मान्य करत होतो. टाचेच्या भेगेला बिब्बा लावताना तिचा हात इतका हलका असायचा, आणि तोच बिब्बा दुसऱ्या कोणी लावला की माणूस अंगभर फोडांनी उतलेला तिच्याकडे यायचा. काजऱ्याच्या विषारी बिया तिने मला लहानपणी हातातसुद्धा घेऊ दिल्या नाहीत. अळंबीचा तिचा एकच नियम होता: मुळासकट उपटायची. वारुळावरच्या अळंबीचा देठ खाली निमुळता होत जातो, पार वारुळाच्या पोटात. तो तसा गेलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती एकही अळंबी टोपलीत टाकत नसे. मला हे अडाणीपणाचं वाटायचं. मुळासकट उपटली तर पुढच्या वर्षी येणार कशी? शाळेत मी मुलांना सांगत असे, अळंबी वरून कापावी, मूळ जमिनीत राहू द्यावं. पोरं माना डोलवायची. मास्तरला दुसरं काय हवं असतं!

दोन हजार एक सालच्या श्रावणात आई दोन दिवस पूर्णगडला मावशीकडे गेली होती. गुरुवारी शाळेतून येताना सड्याच्या, म्हणजे कातळमाळाच्या, उतारावर बाभळीखाली मला अळंबी दिसली. पांढरीशुभ्र, टवटवीत, एका जागी वीस-पंचवीस. वारूळ काही दिसेना, पण पाचोळ्याखाली असेल असं मी धरून चाललो. खिशातल्या चाकूने एकेक देठ नीट वरून कापला आणि सगळी रुमालात बांधली. आपण किती शास्त्रीय पद्धतीने काम केलं, याचं वाटेभर कौतुकही केलं.

माझं लग्न व्हायचं होतं आणि मला भातापलीकडे काही शिजवता येत नव्हतं. म्हणून मी रुमाल घेऊन जांभ्या दगडाच्या गडग्यापलीकडे, कुंपणाच्या त्या बुटक्या भिंतीपलीकडे, शेजारच्या वहिनीकडे गेलो. तिचा नवरा मुंबईत कामाला, घरात ती आणि सासू. सासू माळकरी; तिला अळंबीच्या वासानेसुद्धा मळमळायचं. वहिनीचा मात्र जीव होता अळंबीवर. तिने रुमाल सोडला आणि हसायला लागली.

"गुरुजी, तुमी काढलाव? मग नको गो बाय! तुमाला कोथमीर आनि गवत यातला फरक कळत नाय."

ती थट्टाच होती. माझी थट्टा ती रोजच करायची. पण त्या दिवशी ती मला झोंबली. मी फणकाऱ्याने म्हणालो, "मी नाही, आईने काढलीय. सकाळी जाताना ठेवून गेली."

"काकीनं? मग आना."

एवढंच झालं. तरी तिने रिवाजाप्रमाणे शिजताना लसणीची पाकळी टाकून पाहिली. पाकळी काळी पडली तर अळंबी विषारी, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मी गडग्याशी उभा होतो. तिने पळीतून पाकळी वर धरून दाखवली, पांढरीच्या पांढरी. मीही मान हलवली. त्या चाचणीला काडीचा अर्थ नाही, हे मला पुढे कळलं. विज्ञान शिकवणाऱ्याला ते आधी कळायला हवं होतं.

माझ्या वाटणीची वाटी तिने संध्याकाळी आणून झाकून ठेवली. मला मात्र एका सहकाऱ्याने आग्रहाने पालीला जेवायला नेलं होतं, पोट भरलेलं होतं. सकाळी वाटीला आंबूस वास यायला लागला म्हणून मी ती केळीच्या बुंध्याशी ओतली. मी वाचलो तो असा.

शुक्रवारी पहाटेपासून वहिनीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. मी शाळेला निघालो तेव्हा सासूने गडग्यावरून सांगितलं. पण शनिवारी ती अंगणात कपडे वाळत घालताना दिसली. चेहरा उतरलेला, तरी चालती-फिरती. "काय गुरुजी, शनवारची अर्धी शाळा, तीपन अर्धीच काय आज?" म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी मुलांना लवकर सोडल्याची कबुलीही देऊन टाकली. पोट बिघडलं होतं, बरं झालं, संपलं. आईही त्याच संध्याकाळी परत आली. तिला मी काहीच बोललो नाही.

रविवारी सकाळी आमच्या पडवीत पहिली येऊन बसली ती वहिनी. डोळे हळदीसारखे पिवळे.

पिवळे डोळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे आमची पडवी. गावात दुसरा विचार कोणाच्या मनात आला नसता. आईने पापणी खाली ओढून बघितली, "कवापासून?" म्हणाली, आणि पाला वाटायला घेतला. काय खाल्लं होतंस, हे विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. मला पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज येत होता. उठून बाहेर जायचं आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. पण बोलायचं म्हणजे आईच्या नावावर खोटं बोललो हेही सांगायचं, आणि तेही पडवीतल्या परक्या माणसांसमोर. मी स्वतःला समजावलं, खरंच कावीळ असेल, पावसाळ्यात होतेच. मी लाल शाईने बरोबर-चूक करत राहिलो.

सोमवारही मी तसाच घालवला. ते दोन दिवस मी आजही कुठे ठेवू शकत नाही.

मंगळवारी सकाळी वहिनी असंबद्ध बडबडायला लागली. सासूला ओळखेना. तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. आईने आरडाओरडा केला नाही. विचारलं, "देठ बगितलास?"

"वरून कापली."

तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली. मग म्हणाली, "गाडी बघ. पळ."

जीपने वहिनीला रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, काय दिलंत? आईने अळंबीचं सांगितलं आणि मग आपल्या पाल्याचं नाव मोठ्याने उच्चारलं. जन्मात पहिल्यांदा मी ते तिच्या तोंडून ऐकलं. ते मी इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, असली काही अळंबी पहिल्या दिवशी ओकायला लावते, मग बरं वाटतं, आणि तोवर ती आतून यकृत खात असते. पहिल्याच दिवशी आणलं असतंत तर निदान झगडता आलं असतं.

बुधवारी तिचा नवरा मुंबईहून आला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्याने विचारलं, "अळंबी कोनी दिलान?"

सासू म्हणाली, "काकीनं काढून ठेवलेली. गुरुजी घेऊन आलं."

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. गुरुवारी मी अळंबी काढली तेव्हा ती पूर्णगडला होती, हे मला माहीत होतं आणि तिला. माझं तोंड उघडलेलं होतं, हे नक्की आठवतं.

"व्हय," आई म्हणाली. "माजी नजर चुकली."

वहिनी गुरुवारी दुपारी गेली. तिच्या बाराव्या-तेराव्यापासून पुढे आमच्या पडवीत कोणी येईनासं झालं. जिला अळंबी ओळखता येत नाही तिच्या हातचा पाला कोण पिणार? लोकांचं काही चुकलं नाही. रविवारी आई सवयीने पाटा धुवायची आणि पालथा घालून ठेवायची. एकदा मी म्हटलं, "आई, मी सांगतो सगळ्यांना." ती म्हणाली, "सांगून ती येनार हाय काय? तिच्या नवऱ्याला पुन्यांदा कशाला मारतोस?" मी लगेच गप्प झालो. मला गप्पच व्हायचं होतं.

सात वर्षांनी आई गेली. वहिनीचा नवरा तोवर मुंबई सोडून गावी आला होता. त्याने तिरडीला खांदा दिला. स्मशानातून परतताना तो माझ्याबरोबर चालत होता. गडग्यापाशी थांबला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"गुरुजी, एक सांगू? काकीनं काय मुद्दाम केलान नव्हता. मी तिला कवाच माफ केलाय."

मी म्हणालो, "उपकार झाले तुझे."