काचेवरची सोयरीक

डॉ. अनंतराव गोळे यांना मी प्रथम पाहिले ते साताऱ्यात, मी शिकवत होते त्या मुलींच्या शाळेच्या व्हरांड्यात. युद्धाचे दिवस होते. पूर्वेच्या कोरड्या मुलखातल्या लहान लहान जमाती रक्ताने एकमेकींहून कितपत वेगळ्या आहेत, हे डॉक्टरसाहेब तपासत होते. पण बायका परक्या पुरुषाच्या हाती बोट देईनात. "बाई, सुट्टीत याल का बरोबर?" त्यांनी विचारले. मी गेले, आणि पुढे प्रत्येक सुट्टीत जात राहिले.

पेट्रोल मिळत नसे, म्हणून बैलगाडीने फिरायचे. रक्त तपासायच्या द्रावाच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून डॉक्टरसाहेब त्या मांडीवर सांभाळत. प्रत्येक तळावर पहिली सुई ते स्वतःच्या बोटात टोचत. जतच्या वाटेवर मला ताप भरला, तेव्हा त्यांनी तिथूनच गाडी सांगलीकडे वळवली. त्या खोळंब्यात सगळ्या कुप्या वाया गेल्या. "द्राव पुन्हा तयार होईल, बाई," एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात असेच प्रसंग लिहावेत, हे मला समजते. पण त्यांच्या सत्यनिष्ठेविषयी लिहायचे तर हिराविषयी लिहावेच लागेल.

हिरा मेंढपाळाची मुलगी. तिचे मन शेजारच्या वस्तीवरच्या बिरूवर बसले होते. त्याच्या घरचे घोंगड्या विणत. देव एक, बोली एक, पण दोघांच्या लोकांत बेटीव्यवहार नव्हता. तिचे वडील मायाप्पा अडून बसले होते. आम्ही दोघांचे थेंब काचेवर घेतले, तसे ते पुढे सरसावले.

"डाक्टर, जुळलं का?"

"काय जुळायचं?"

"रगत. पोरीचं आन् त्या पोराचं. तुमची काच म्हनंल ते आमाला मान्य."

द्राव मिसळल्यावर हिराच्या थेंबात गुठळ्या झाल्या होत्या, बिरूचा थेंब मात्र होता तसाच पातळ राहिला होता. हिरा माझ्या मागे श्वास रोखून उभी होती.

"दोघांचं वेगळं आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले, "पण त्याचा सोयरिकीशी—"

"झालं तर मग! मी म्हनत हुतो न्हवं?"

डॉक्टरसाहेबांनी त्यांना थांबवले. मायाप्पांचा आणि त्यांच्या सख्ख्या भावाचा थेंब घेतला. तेही वेगळे निघाले. तळावर हशा पिकला.

"मायाप्पा, भावाला बाजारातनं इकत आनलावता का काय रं?"

मायाप्पा लालबुंद झाले. "काच बिगडलीया!" म्हणाले आणि उठून गेले. पोरीच्या वेळी मात्र तीच काच त्यांना खरी वाटली होती. सोयरीक मोडली. हिराला पाटणच्या बाजूला, ओळख ना पाळख अशा घरी दिले.

परतताना मी रागाने म्हणाले, "जुळलं, एवढंच म्हणायचं होतं."

"आणि पुढच्या तळावर कुणाचं जुळलं नाही, तर?" त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे मला आजही पटते, आणि तरी ते तसे म्हणाले असते तर बरे झाले असते, असे वाटतेच.

रक्ताचे चारही गट साऱ्या जमातींत आढळतात, फरक असतो तो प्रमाणाचा, आणि या दोन वस्त्यांत तर तोही नावापुरताच, असा निष्कर्ष डॉक्टरसाहेबांनी पुढे मांडला. विद्वानांनी तो वाखाणला. हिरापर्यंत तो पोहोचवायला ते स्वतः पाटणला गेले. मी बरोबर होते. तिने दूध दिले, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आवं डाक्टर, येवढं खोटं बोलायला येत न्हवतं व्हय तुमास्नी?"

त्यांनी मान खाली घातली. परतीच्या वाटेवर म्हणाले, "बाई, खोटं मी आजही बोलणार नाही. पण काच काढण्याआधी बोलायला हवं होतं."

तेव्हापासून तळावर गेले की ते आधी नुसते बसतात. रक्त काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे लोकांना पटेपर्यंत पेटी उघडत नाहीत. त्यामुळे काम फार हळू चालते. कित्येक तळ अजून राहिले आहेत. डॉक्टरसाहेबांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे धडधाकट राहोत आणि त्या प्रत्येक तळावर निवांत बसून बोलण्याइतका वेळ त्यांना मिळो.