पक्ष जेवायला येतो

बहारीनमध्ये जुफैरला राहायला आल्यापासून माझी शुक्रवारची, म्हणजे सुट्टीची दुपार कधी धड जागी नसते. समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे, पण दमट दिवसांत तो थेट बाल्कनीच्या कठड्याशी येऊन टेकलाय असं वाटतं. समोरच्या इमारती पांढुरक्या होत होत नाहीशा होतात आणि घरात एसीची घरघर तेवढी उरते. अशा वेळी समोरच्या फ्लॅटमधली माझी शेजारीण चपला फरफटत यायची, सोफ्यावर आडवी व्हायची आणि तिच्या आईबद्दल बोलत राहायची. मी अर्धवट झोपेत हुंकार भरायची. तिचं गाव मी कधी पाहिलेलं नाही, तरी आजही डोळे मिटले की तिथली लाल माती आणि चर्चमागचं पिंपळाएवढं झाड मला दिसतं. खरं तर तिने झाडाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. ते मीच लावलं असणार.

ती अमेरिकन, कृष्णवर्णीय, शाळेत गणित शिकवणारी, माझ्याहून बरीच मोठी. मी नागपूरच्या एका बौद्ध वस्तीतली. तुबलीत एसीचे डक्ट बनवणारं एक वर्कशॉप आहे, तिथे मी क्वालिटी बघते. सुरुवातीला आमचं बोलणं लिफ्टपुरतं होतं. मग एकदा मी सहज बोलून गेले की माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. तिने लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे नळ वेगळे असायचे." त्यानंतर ती बेल न वाजवता आत यायला लागली.

त्या वर्षी त्यांच्याकडे निवडणूक होती. त्यांना बहारीनमध्ये बसून टपालाने मत देता येतं. आम्हा भारतीयांना विमानाने घरी जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, त्यामुळे आमच्यातल्या बहुतेकांची देशभक्ती व्हॉट्सॲपवरच उरकते. तिच्या पक्षाची इथे एक शाखा होती. शाखा म्हणजे काय, पाच-सहा हौशी माणसं. त्यांच्यातली एक गोरी बाई एका संध्याकाळी शेजारणीकडे आली. बोलणं अगदी लोण्यासारखं. मी तिथे चहा पीत बसलेच होते. पक्षाला कृष्णवर्णीय समाजापर्यंत पोहोचायचंय, असं ती म्हणाली. बेटावरच्या कृष्णवर्णीय अमेरिकनांना एका संध्याकाळी जमवावं, त्यांच्या पद्धतीचं जेवण असावं, थोडी गाणी, थोडं बोलणं. आणि हे सगळं शेजारणीच्या घरी व्हावं, कारण तिला सगळे मानतात. आमच्याकडे याला संपर्क अभियान म्हणतात. मला हसू आलं, पण मी कप तोंडाला लावला.

"घर देते, जेवणही मीच करते," शेजारीण म्हणाली. "पण मला एक विचारायचंय, आणि त्याचं उत्तर हवंय."

तिची आई ऐंशीच्या पुढची. जन्मभर चालत जाऊन गावातल्या ज्या हॉलमध्ये तिने मत दिलं, ते केंद्र बंद केलं होतं. नवं केंद्र लांब, हायवेच्या कडेला, आणि तिकडे बस जात नाही. टपालाने मत दे म्हटलं तर म्हातारी म्हणायची, ते काय लाइटबिल आहे? म्हातारीच्या स्वतःच्या आईला हयातभर मत देऊ दिलं नव्हतं, म्हणून ही दर वेळी ठेवणीतली टोपी घालून, स्वतः जाऊनच मत देणार. शेजारणीला एवढंच कळायला हवं होतं की तो हॉल परत उघडावा म्हणून पक्ष भांडणार आहे का, आणि तोवर आईला मतदानाला कोण नेणार?

"फार मोलाचा प्रश्न," गोरी बाई म्हणाली. "मुख्य कचेरीतले एक जण त्या दिवशी ऑनलाइन असतील. त्यांनाच विचारा."

जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी नईमच्या बाजारात गेलो. तिच्याकडे कोबीच्या जातीची एक जाड पानांची भाजी करतात, ती इथे मिळेना. जुन्या गल्लीतल्या एका दुकानात मी तिला नवलकोलाची पानं दाखवली. तिने एक पान हातात घेतलं, वास घेतला आणि तिथेच उभी राहिली. दुकानदार पिशवी उघडून वाट बघत होता. "बास," ती म्हणाली, "चालेल."

गाडीत पानांचा तो हिरवा, कडवट वास भरून राहिला आणि मला आमची वस्ती आठवली. आमच्याकडेही निवडणुकीआधी पक्ष जेवायला यायचा. एकदा आमचं घर निवडलं होतं. आईने पहाटेपासून रांधलं, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, पाटोड्या. नेते आले, चटईवर मांडी घालून बसले, आईकडे बघून हात जोडले. मग मागच्या जीपमधून हॉटेलचे डबे आले, ताटंही आली, पाण्याच्या बाटल्यासुद्धा. फोटो निघाला आमच्या घरात, आमच्या चटईवर. आईची भांडी चुलीपाशी झाकलेलीच राहिली. ते गेल्यावर आई म्हणाली, "जेवले न बाप्पा. घर आपलं अन् जेवण त्यायचं. चाल, आता आपण जेवू." ती हसत होती. मला मात्र ते जेवण अजून गिळता आलेलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या इमारतीखाली केटररची व्हॅन उभी राहिली तेव्हा माझं डोकं सणकलं. शाखेने मोठाले ट्रे मागवले होते. कबाब, भात, सॅलड. मी शेजारणीला स्वयंपाकघरात ओढलं.

"बघ, आता तुझी भांडी झाकलेलीच राहणार."

"का?"

"तू बघच."

ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघून बाहेर गेली. मी दाराशी उभी राहिले, वकिलासारखी पुराव्याच्या तयारीत. घर माणसांनी भरलं. कुणीतरी गाणं लावलं, काचांवर दमट वाफ धरली. गोरी बाई आली आणि सरळ त्या हिरव्या भाजीच्या पातेल्याकडे गेली. तिने ताटभर वाढून घेतलं. परत घेतलं. कोंबडीचं हाड हाताने धरून खाल्लं आणि बोटं चाटली. शाखेतले बाकीचे गोरेही तसेच जेवले. केटररच्या कबाबांना कुणी विचारेना, ते शेवटी खाली वॉचमनकडे गेले. मला रडू आलं. त्या गर्दीत, गाण्यात, एका परक्या पक्षाच्या जेवणात मी ओढणीने डोळे पुसत होते आणि मला वाटत होतं, हे माझ्या आईने बघायला हवं होतं.

मग टीव्हीच्या पडद्यावर मुख्य कचेरीतला माणूस आला. शेजारणीने प्रश्न विचारला. आम्ही तुमच्या आईसारख्या स्त्रियांच्या खांद्यांवर उभे आहोत, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. ती थांबली आणि पुन्हा म्हणाली, "हो, पण मतदानाच्या मंगळवारी तिला नेणार कोण?" त्याने दखल घेतल्याचं सांगितलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. निघताना गोऱ्या बाईने शेजारणीला मिठी मारली, पातेल्याशेजारी उभं करून फोटो काढला आणि उरलेली भाजी डब्यात भरून नेली.

पुढच्या शुक्रवारी ती दारात येऊन म्हणाली, "यल्ला, चल, सखीरला जाऊ." रेसच्या ट्रॅकच्याही पलीकडे, वाळवंटात आम्ही गाडी थांबवली. ऊन उतरत होतं. दूरवर कुणाचे तरी तंबू लागले होते आणि धुळीत ते जमिनीपासून सुटून वर तरंगत असल्यासारखे दिसत होते. थर्मासमधला चहा ओतताना मी मनापासून म्हणाले, "काही म्हण, माणसं चांगली आहेत. तुझ्या हातचं जेवली."

ती वळून माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, पण ते हसू मला आवडलं नाही.

"अगं, माझ्या पणजीच्या हातचं खाऊनच त्यांची घरं वाढली," ती म्हणाली. "आमच्या हातचं त्यांनी कधी टाकलं नाही. पोटभर खायचे, चव कुणाच्या हाताला आहे ते सांगायचे आणि मग तिला मागच्या दाराने घरी पाठवायचे. जेवले म्हणून काय झालं?"

मी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. माणूस आपल्याला माणूस समजतो की नाही, हे ओळखायची एकच खूण आमच्या वस्तीने माझ्या हाती दिली होती. तो आपल्या हातचं खातो का. ती खूण घेऊन मी अर्धं जग ओलांडून आले होते, आणि इथे ती बिनकामाची निघाली. मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. तंबू आता दिसेनासे झाले होते.

"मी रजा टाकलीय," ती चहा संपवून म्हणाली. "नाताळसाठी ठेवलेली. मीच नेते तिला."

"आणि नाताळ?"

"खलास."

ती गेली. त्या मंगळवारी मी कामावरून लवकर आले आणि सूर्य बुडता बुडता तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. हायवेच्या कडेने लांबच लांब रांग, आणि तिच्यात घडीच्या खुर्चीवर बसलेली तिची आई, जांभळ्या टोपीत. शेजारणीने फोन तिच्यासमोर धरला तशी म्हातारीने मला हात केला, जणू मी रस्त्यापलीकडेच राहते. मीही नमस्कार केला. तेवढ्यात पक्षाचा बिल्ला लावलेला एक पोक्त माणूस रांगेतल्या लोकांशी हात मिळवत आला. तिच्यापाशी वाकला, आभार मानले, एक फोटो काढू का म्हणून विचारलं.

"आमच्या हॉलचं काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"त्यात आम्ही लक्ष घालतोय, मॅडम."

"नाही घालत," ती शांतपणे म्हणाली. "मी तुम्हालाच मत देणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून नाही घालत."

त्याच्या हातात फोटोसाठी काढलेला फोन तसाच होता. रांग थोडी पुढे सरकली. म्हातारी लेकीच्या दंडाला धरून उठली, टोपी सारखी केली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"फोटो राहू दे," ती त्याला म्हणाली. "ही उचल आणि माझ्या मागून चल."