कोणता आवाज आईचा

देवपूरच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचे. बाजार आणि किमतींवर लिहिणाऱ्या एका अर्थतज्ज्ञाने मनाविषयीही एक सिद्धांत मांडला होता, तो मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वाचला. बाहेरून येणारा आवाज किंवा रंग नाव घेऊन येत नाही. आधीच्या अनुभवांनी मनात जे वर्ग पडलेले असतात, त्यांतल्या एकात मन त्याला बसवतं, तेव्हा कुठे तो आपल्याला कळतो. वाचलं, पटलं आणि विसरले.

माझा धाकटा भाऊ भडगावला आईजवळ राहून शेती बघायचा. अगदी लहानपणी तापात त्याचं ऐकणं गेलं. ओठ पाहून समजायचा, तुटक बोलायचा. पन्नाशी उलटल्यावर धुळ्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की थोडं ऐकणं शिल्लक आहे, यंत्राने उपयोग होईल. यंत्र बसवून आम्ही तसेच भडगावला गेलो. आई ओट्यावर वाट बघत होती. तो पाठमोरा चप्पल काढत असताना तिने त्याला हाक मारली. तो दचकला आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहू लागला. आई पुन्हा बोलली, तर त्याने नळाकडे पाहिलं. त्याच्या कानात सगळं एकदमच शिरत होतं, आणि त्यातलं काय कुठलं हे त्याला उमगत नव्हतं. संध्याकाळी त्याने यंत्र काढून डबीत ठेवलं. आई म्हणाली, राहू दे, होईल सवय.

तेव्हा तो सिद्धांत मला आठवला. पुढे भाऊ पुन्हा यंत्र लावून महिनाभर माझ्याकडे राहिला. मी कुकरकडे बोट दाखवायचे, दाराच्या कडीकडे, कबुतरांकडे. हळूहळू तो एकेक आवाज ओळखू लागला. माणसांचे आवाज मात्र एकमेकांत मिसळायचे. माझा ओळखू लागला, त्याच आठवड्यात तिकडे भडगावला आई झोपेतच गेली.

तेरावं झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

“मायना आवाज मना कानमा गया व्हता ना, अक्का?”

मी होकारार्थी मान हलवली.

“पन त्यामा तिना कोनता, ते माले समजनं नही.”

आईचा आवाज आम्ही कधी जपून ठेवला नव्हता. माझ्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दोन वाक्यं बोलते, तेवढाच. मी तो लावला. त्याने फोन कानातल्या यंत्राजवळ धरला, मग समोर घेऊन तिचे ओठ पाहिले, पुन्हा कानाजवळ नेला. तीनचारदा तेच केलं.

“बॅण्ड शे,” तो म्हणाला.

बॅण्डच होता. त्यातूनही तिचे शब्द मला ऐकू येत होते, कारण तो आवाज मी जन्मभर ऐकला होता. त्याला कसं दाखवणार? मी फोन त्याच्या हातातून घेतला नाही. तो पडद्यावरच्या आईकडे बघत बसला.