आत्या आणि ब्रेकमधली हवा

माणसात, यंत्रात किंवा संसारात जे काही बिघडतं ते कुठेतरी आत हवा शिरल्यामुळेच, या सिद्धांतावर माझ्या आतेसासूबाईंइतकी अढळ श्रद्धा असलेलं दुसरं माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये सापडायचं नाही. आतेसासूबाई म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या आत्या. माणिकपूरला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांची सगळी नोकरी सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून झाली. सिरिंज उभी धरायची, टिचकी मारायची आणि आतला बुडबुडा घालवायचा, ही सवय निवृत्तीबरोबर सुटायला हवी होती. पण ती सुटायच्या ऐवजी घरभर पसरली. सॉसच्या बाटलीला टिचकी, शाईच्या पेनाला टिचकी, एकदा तर बोलता बोलता माझ्या हातातल्या सरबताच्या ग्लासालाही टिचकी. आमची मुलगी तान्ही असताना किंचाळून रडायची तेव्हा कुणी दृष्ट काढायला सांगे, कुणी डॉक्टर बदलायला. आत्या तिला खांद्यावर टाकत, "हवा आहे" एवढंच निदान करत, आणि पोरगी एक दणदणीत ढेकर देऊन त्यांच्याच खांद्यावर झोपून जाई. माझी बढती हुकली तेव्हा सांत्वनाला आलेल्या सगळ्यांनी साहेबाला शिव्या दिल्या. आत्यांनी वाटीत हिंगाष्टक चूर्ण आणलं. म्हणाल्या, "जावईबापू, ताकातून घ्या. अपमान पोटात अडकला की फुगतो."

साठी उलटल्यावर बायका भजनी मंडळात जातात, आत्यांनी रेसिंगची सायकल घेतली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, बोटाएवढी टायरं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, डोक्यावर हेल्मेट आणि पायात इस्पितळातले पांढरे बूट अशा थाटात त्या सकाळी निघत. सायकलला घंटी होती, पण आत्यांना घंटी दुबळी वाटे. तुळिंजच्या बाजारातल्या गर्दीत त्या नुसतं खणखणीत आवाजात "बाजू द्या, पेशंट आहे!" म्हणत, आणि हातगाड्या, रिक्षा, माणसं आपोआप दुभंगत. पेशंट कुठे आहे हे विचारायचं धाडस आजवर कुणाला झालेलं नाही.

या सायकलच्या ब्रेकला तार नव्हती, हे तिच्यावर आत्यांचा जीव जडण्याचं खरं कारण. हँडलवरच्या दांड्यापासून चाकापर्यंत एक बारीक नळी आणि नळीत तेल. दांडा दाबला की तेल पुढे सरकतं आणि चाकाच्या मध्यावरची पातळ पोलादी तबकडी दोन बाजूंनी चिमटीत धरली जाते. त्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर मात्र हाताचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि ब्रेक लागत नाही. हे दुकानदाराने समजावून सांगितलं तेव्हा आत्यांचा चेहरा असा उजळला म्हणे, की त्याने आपणहून किंमत थोडी उतरवली. म्हणजे त्यांच्या सिद्धांतावर कुणीतरी सायकलच बांधली होती! सिरिंजनेच तेल भरायचं, सिरिंजनेच हवा काढायची हे कळल्यावर तर त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाला करू देण्याचा प्रश्नच उरला नाही.

आणि घात झाला तोही इथेच. कंबर दुखते म्हणून आत्यांनी हँडल उंच करून घेतलं. त्यामुळे पुढच्या ब्रेकची नळी आखूड पडली. आत्यांनी नवी, लांब नळी आणली, स्वतः जोडली, तेल भरलं, टिचक्या मारल्या. गॅलरीत दाबून पाहिला तेव्हा दांडा कडक लागत होता. दुसऱ्या दिवशी कामणच्या अलीकडच्या उतारावर गोदामातून एक ट्रक मागे पाहायचं सोडून मागे आला. आत्यांनी पुढचा ब्रेक आवळला आणि दांडा लोण्यात बोट जावं तसा थेट हँडलला टेकला. मागच्या ब्रेकने वेग मोडला म्हणून बरं. त्या रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात शिरल्या आणि आडव्या झाल्या. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. एका भाजीच्या टेम्पोत सायकल घालून, शेजारी दुधी भोपळे घेऊन त्या घरी आल्या.

सायकल उतरवून घ्यायला मी गेलो. घरी काका होते. आत्यांचे यजमान. हा अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्यांची बायपास झालेली, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, असा आत्यांचाच मोठ्या आवाजातला हुकूम असे. काकांनी आत्यांचं कोपर पाहिलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "सायकल विकायची."

मला वाटलं आता भडका उडणार. पण आत्या जखमेवर कापूस दाबत शांतपणे म्हणाल्या, "चूक सायकलची नाही, माझी. आत कुठेतरी चिकटून राहिलेला बुडबुडा रस्त्याच्या धक्क्यांनी सुटला, तो मला दिसला नाही. नजर कमी पडली."

"म्हणूनच विकायची."

"विका. पण आजारी पेशंटला डिस्चार्ज देत नाहीत. आधी बरी करते. आणि या वेळी बुडबुडे तुम्ही बघायचे. तुम्ही संपले म्हणाल तेव्हा संपले."

पुढच्या रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये शस्त्रक्रिया मांडली गेली. सायकल वरच्या पाइपला दोरीने टांगलेली, खाली पांढरी चादर, ट्रेमध्ये पाने, पेचकस, कापूस, स्पिरिट. मला हँडल घट्ट धरून उभं राहायचं काम होतं. आत्यांनी नळी दांड्यापासून सोडवली, टोक धारदार पात्याने कापलं, डोळ्याजवळ धरलं आणि स्वतःलाच "तिरकी कापलीस, मूर्ख" असं म्हणून पुन्हा सरळ कापलं. टोकावर नवी पितळी कडी चढवली, नळी दांड्यात पार आतपर्यंत खुपसली, नट आवळला. तेलाचा थेंब तबकडीवर उडाला तर ब्रेक कायमचे किंचाळतील म्हणून तबकडी चाकासकट आधीच घरात नेऊन ठेवली होती, थेट देव्हाऱ्याशेजारी, आणि तिच्या जागी चिमटीत लाकडाची चकती अडकवली होती. मग वर दांड्याच्या तोंडाशी तेलाचा छोटा पेला बसवला, खाली चाकापाशी सिरिंज जोडली आणि आत्या तेल हळूहळू वर ढकलू लागल्या.

पाचूबंदरहून येणारी आमची मासेवाली पाटी घेऊन आत शिरली ती जागीच थांबली. "सिस्टर, सायकलला पन सलाइन लावलं काय?"

"हो. आणि आज मासे नकोत, वास लागेल पेशंटला."

वर पेल्यापाशी काका स्टुलावर बसले होते, नाकावर चष्मा, हातात टॉर्च. सायकलकडे आजवर त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता मात्र ते पेल्यात असे टक लावून बसले होते जणू त्यातून निकाल लागणार आहे. बुडबुडे वर येत होते, आधी भराभर, मग एकेक. आत्या नळीला खालपासून वरपर्यंत टिचक्या मारत होत्या. "बघा हो, आहे?"

"आहे एक."

थोड्या वेळाने पुन्हा. "आता?"

"अजून एक आहे. बारीक."

मला तर काही दिसत नव्हतं, पण मी हँडल धरायला होतो, बोलायला नव्हतो. तो रविवार तसाच गेला. पुढच्या रविवारी नवी तेलाची बाटली आली, काकांना पुन्हा बुडबुडे दिसले. त्याच्या पुढच्याही रविवारी दिसले. हिशेब माझ्या ध्यानात यायला वेळ लागला: बुडबुडा आहे तोवर सायकल विकली जाणार नव्हती आणि रस्त्यावरही जाणार नव्हती. आत्या एका शब्दाने वाद घालत नव्हत्या. टिचक्या मारत होत्या, तेल ढकलत होत्या आणि मधल्या वेळात दोघं काहीबाही बोलत होते. लग्नानंतर वसईत घेतलेल्या पहिल्या खोलीबद्दल, रात्रपाळीला सोडायला काका स्टेशनपर्यंत चालत जायचे त्याबद्दल. काका हसायचेसुद्धा. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

एका रविवारी आत्यांच्या सुजलेल्या गुडघ्याने दगा दिला. खाली वाकून बसलेल्या त्या उठता उठेनात, पण सिरिंजवरचा अंगठा काही सोडेनात. काकांनी पेल्यातून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग टॉर्च बंद करून म्हणाले, "संपले. आता एकही नाही."

"नक्की?"

"नक्की." मग त्यांनी स्वतः दांडा दाबला, पुन्हा दाबला, सगळा जोर लावून दाबला. दांडा अर्ध्यावर दगडासारखा थांबला. "कामणला जाणार असशील तर मी स्कूटर घेऊन मागे येईन," ते म्हणाले. विकण्याचा विषय निघाला नाही.

गुडघ्याची सूज उतरल्यावर आम्ही निघालो. पुढे आत्या, मागे स्कूटरवर काका आणि त्यांच्या मागच्या सीटवर मी. त्याच उतारावर आत्यांनी मुद्दाम वेग घेतला आणि "बघा!" असं ओरडून ब्रेक मारला. सायकल खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी थांबली. स्कूटर मात्र थांबली नाही. आम्ही आत्यांना हुकवून, काकांच्या "अगं, अगं, अगं"सकट, थेट त्याच वाळूच्या ढिगात गेलो. कुणाला लागलं नाही. आत्यांनी सायकल लावली, आधी काकांची नाडी पाहिली आणि मग स्कूटरचा ब्रेक दाबून पाहिला. "याला तार आहे," त्या खेदाने म्हणाल्या, "नाहीतर आजच ऑपरेशनला घेतली असती."

मध्यंतरी सहज विषय निघाला तेव्हा मी त्यांना विचारलं, "आत्या, ते बुडबुडे खरंच तेवढे रविवार येत होते?"

त्या गॅलरीत सायकल पुसत होत्या. आत काका झोपले होते. हल्ली ते दिवसाही बरेच झोपतात. आत्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "पहिल्याच दिवशी संपले होते, जावईबापू. पण माझी नोकरी, त्यांची नोकरी, मग आजारपण... इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो कधी." एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. सायकल स्वच्छच होती, तरी बराच वेळ पुसत राहिल्या.