सुदृढ बालक, पहिला नंबर
सुदृढ बालक स्पर्धा म्हटलं की मला अजूनही किळस येते. तान्ह्या बाळांना पावडर थापायची, काजळ फासायचं, आणि पाहुण्यांनी बाजारात वांगी निवडावीत तसं एकेकाला उलटंपालटं करून बघायचं. दोन हजार चारच्या सुमारास गोंदियाजवळ, फुलचूरच्या पलीकडच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका होते आणि हा तमाशा मीच भरवायची.

त्या वर्षी पाच महिन्यांची एक पोर आली होती. काखेत धरून टेबलावर टेकवली की पाय ताठ करून, टाचा उचलून उभी! टाळ्यांवर टाळ्या पडल्या. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," पाहुणे म्हणाले. वजनही कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात होतं. मला आणखी काय हवं होतं?

तिची आई धानाच्या रोवणीच्या कामाला जाणारी, अंगानं काडी. तिनं मला बाजूला घेतलं. "बाई, इले कडेवर घेताच नाही येत. पाय फाकतच नाही. लंगोट बांधतानी कैची मारून रायते. असं काऊन?"

"तूच नजर नको लावू पोरीले," मी खेकसले. "ताकद हाय तिच्यात."

ताठ पाय म्हणजे ताकद नव्हे, असं पोर लगेच डॉक्टरकडे पाठवायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तेव्हा मी मागच्या सतरंजीवर शेंगा फोडत गप्पा मारत होते. पहिला नंबर मीच दिला.

पोर दोन वर्षांची झाली तरी बसेना, तेव्हा मायलेकींना ऑटोत घालून गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी तिचे पाय उघडायला बघितले तशी ती किंचाळली. सेरेब्रल पाल्सी, ते म्हणाले. मेंदूला इजा होती. चार-पाच महिन्यांची असताना आणली असती, व्यायाम सुरू झाले असते, तर पुष्कळ फरक पडला असता. आता स्नायू आखडलेत.

"आई असून लक्षात नाही आलं?" त्यांनी विचारलं. ती नुसती पोरीचा फ्रॉक सारखा करत राहिली. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सेविका ना? यांना सांगत नाही का?"

"सांगतो ना जी सर," माझ्या तोंडून सरळ निघालं. "आयकतच नाही हे लोकं."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"चुकलं जी माझं," ती डॉक्टरांना म्हणाली.